झोन आला, आयसी-५० आला. पण वेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यात, तुमचं संयुग शिल्लक होतं का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. चालू आहे. सॅलिसिलाल्डिहाइडपासून बनवलेले १२ शिफ बेस आणि तांब्याच्या उत्प्रेरकाने, क्लिक पद्धतीने बनवलेली ८ ट्रायझोल संयुगं हाताशी आहेत, प्रत्येकी २५ मिलिग्रॅम. बाहेरून चाचण्या करून घेतल्या. १० मिग्रॅ/मिलि द्रावणाचा ई. कोलायवर १४ मिमी झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आला. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर, २४ तासांच्या एमटीटी या रंगचाचणीत आयसी-५० (निम्मा परिणाम दाखवणारी मात्रा) ३८ मायक्रोग्रॅम/मिलि आला. परीक्षक म्हणतात, यावरून काही सिद्ध होत नाही. पुन्हा करायचं तर कसं?

परीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, पण क्रम उलटा झालाय. जैविक चाचणीच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: जे संयुग कुपीत आहे तेच वेलमध्ये होतं का, आणि असेल तर किती विरघळलेलं होतं. याचं उत्तर नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा हवेत राहतो.

शिफ बेसपासून सुरुवात करू, कारण सर्वात मोठा धोका तिथे आहे. शिफ बेस अल्डिहाइड आणि अमाइन जोडून बनतो, आणि त्यांना जोडणारा इमाइन बंध पाण्यात टिकतोच असं नाही. माध्यम पाण्याचं, तापमान ३७ अंश, वेळ २४ ते ७२ तास. एवढ्यात बरेच शिफ बेस फुटून अल्डिहाइड आणि अमाइन वेगळे होतात. सॅलिसिलाल्डिहाइड स्वतःच जिवाणूंना आणि पेशींना त्रासदायक आहे. म्हणजे तुम्ही १२ संयुगं तपासली असं वाटतं, पण प्रत्यक्षात एकच अल्डिहाइड १२ वेळा तपासलं गेलेलं असू शकतं. बाराही संयुगांचे आकडे एकमेकांजवळ असतील, तर हा संशय सर्वात आधी घ्यावा. तपासणी तुमच्याच विभागात होते. डीएमएसओ-डी६ (एनएमआरसाठीचा डीएमएसओ द्रावक) मध्ये प्रोटॉन एनएमआर घ्या, त्यात १० टक्के जड पाणी घाला, नळी ३७ अंशांवर ठेवा आणि ०, ४, २४ तासांनी पुन्हा घ्या. ८.९ पीपीएमजवळचं इमाइनचं शिखर खाली जाऊन १०.२ च्या आसपास अल्डिहाइडचं वर येत असेल, तर उत्तर मिळालं. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल तर अधिक चांगलं: फॉस्फेट बफर, पीएच ७.४, ३७ अंश, तेच वेळापत्रक. निकाल काहीही येवो, जिवाणूंच्या आणि पेशींच्या प्लेटवर मूळ अल्डिहाइड आणि मूळ अमाइन यांना स्वतंत्र ओळ द्या. त्यांचा खर्च नगण्य आहे, आणि परीक्षकांचा पहिला प्रश्न हाच असणार. जी संयुगं २४ तासांत निम्मी फुटतात ती पुढच्या यादीतून काढून टाका. मन जड होतं, पण काढा.

ट्रायझोलचा धोका तांब्याचा. शुद्धीकरणाच्या स्तंभातून काढलेलं संयुग एनएमआरमध्ये स्वच्छ दिसतं, तरी त्यात तांबं उरलेलं असू शकतं, आणि तांबं बुरशीला, जिवाणूंना, पेशींना सगळ्यांनाच मारतं. सेंद्रिय थर तांबं पकडणाऱ्या ईडीटीएच्या सौम्य द्रावणाने दोन-तीनदा धुवा, मग आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर अवशिष्ट तांबं मोजून घ्या. तेवढंच तांबं कॉपर सल्फेटच्या रूपात घालून एक कंट्रोल ठेवा. चाचणीला जाणाऱ्या प्रत्येक संयुगाची शुद्धता एचपीएलसीने ९५ टक्क्यांच्या वर हवी. पातळ थराच्या पट्टीवर (टीएलसी) एक ठिपका दिसणं हा पुरावा नव्हे.

आता विरघळण्याबद्दल. डीएमएसओमध्ये विरघळलं म्हणजे झालं असं नसतं, कारण खरी परीक्षा डीएमएसओतून पाण्यात गेल्यावर होते. ज्या माध्यमात चाचणी होणार त्याच माध्यमात, सर्वात वरच्या मात्रेवर, पेशी किंवा जिवाणू न घालता एक प्लेट लावा. ३७ अंशांवर २४ तास ठेवा, ६०० नॅनोमीटरच्या आसपास गढूळपणा मोजा आणि उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतात का पाहा. ज्या मात्रेला स्फटिक दिसले त्याच्या वरच्या मात्रांचे आकडे लिहायचे नाहीत. न विरघळणं म्हणजे निकामी असणं नव्हे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेलं हामायसिन हे बुरशीरोधकसुद्धा पाण्यात फारसं विरघळत नाही. पण संयुग विरघळलेलं नसताना वेलवर लिहिलेली मात्रा खोटी असते, एवढं नक्की.

डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रयोगशाळेतली बाटली घट्ट झालेली असते. ती अर्धवट वितळवून स्टॉक (संयुगाचं मूळ तीव्र द्रावण) काढला तर मात्रा चुकते; कोमट पाण्यात पूर्ण वितळवा, हलवा, मगच पिपेट लावा. पावसाळ्यात उलट अडचण: डीएमएसओ हवेतलं पाणी शोषून घेतं, बाटली महिनाभर उघडझाप झाली की स्टॉक पातळ होतो आणि काही संयुगं त्यातच खाली बसतात. लहान बाटल्या घ्या. स्टॉकचे ५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० वर ठेवा, एक भाग एकदाच वितळवा.

झोनबद्दल स्पष्ट बोलतो. अगारमध्ये पाडलेल्या विहिरीत ५० मायक्रोलिटर घातलं असेल, तर १० मिग्रॅ/मिलिच्या हिशेबाने तिथे ५०० मायक्रोग्रॅम संयुग गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नेहमीच्या डिस्कवर ५ मायक्रोग्रॅम असतं आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी हा अमेरिकेतला प्रमाण जातींचा संग्रह) वर तिचा झोन ३० मिमीच्या आसपास येतो. शंभरपट मात्रेला १४ मिमी, त्यात विहिरीचा स्वतःचा व्यास ६ ते ८ मिमी, शिवाय ५० मायक्रोलिटर निव्वळ डीएमएसओचा स्वतःचा परिणाम. त्यापुढची अडचण अशी की झोनचा आकार संयुग अगारमधून किती पसरतं यावरही ठरतो. तेलकट संयुग चांगलं असूनही पसरत नाही, पाण्यात विरघळणारं सामान्य संयुग लांबवर जातं. म्हणून वेगवेगळ्या संयुगांचे झोन शेजारी ठेवून ‘क्लोरो असलेलं नायट्रोपेक्षा चांगलं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. डिस्क पद्धत ज्यांचे मापदंड ठरलेले आहेत अशा औषधांसाठी आहे. नव्या संयुगांसाठी किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, काढा.

ती अशी. स्टॉक १२.८ मिग्रॅ/मिलि, डीएमएसओमध्ये. पातळ करण्याची दुप्पट-दुप्पट साखळी आधी डीएमएसओमध्येच करा, माध्यमात नाही. माध्यमात साखळी केली तर पहिल्याच नळीत साका बसतो आणि तो पुढे कुठे किती गेला हे कळत नाही. दहा पायऱ्या झाल्या की प्रत्येकीतून २० मायक्रोलिटर घेऊन ९८० मायक्रोलिटर कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेल्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये मिसळा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये यातलं १०० मायक्रोलिटर आणि जिवाणूंचं १०० मायक्रोलिटर. अंतिम मात्रा १२८ पासून ०.२५ मायक्रोग्रॅम/मिलिपर्यंत, आणि डीएमएसओ सगळीकडे सारखंच १ टक्का. अकरावा स्तंभ १ टक्का डीएमएसओसह वाढीचा कंट्रोल, बारावा निर्जंतुकतेचा.

इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला टाकलेले जिवाणू, हा इथला कणा आहे. आदल्या रात्रीच्या ताज्या वसाहतींपासून ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं प्रमाण माप) एवढं गढूळ द्रावण करा. १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३. हे साधारण १० ते २० कोटी जिवाणू प्रति मिलि. शंभरपट पातळ केलं की १० लाखांच्या घरात, आणि वेलमध्ये निम्मं होऊन ५ लाख. पातळ केलेलं द्रावण अर्ध्या तासात प्लेटमध्ये गेलंच पाहिजे. वीस संयुगं एकटा माणूस पिपेट करत बसला की शेवटच्या प्लेटपर्यंत जिवाणू वाढलेले असतात, म्हणून सगळी संयुगं आधी भरून ठेवा, जिवाणू शेवटी. पडताळणीसाठी वाढीच्या कंट्रोल वेलमधून लगेच १० मायक्रोलिटर काढून १० मिलि सलाइनमध्ये टाका आणि त्यातलं १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती दिसायला हव्यात. पाचशे दिसल्या तर तो दिवस रद्द. जिवाणू जास्त असले की एमआयसी फुगते, कमी असले की संयुग उगाच चांगलं दिसतं.

३५ अंश, १६ ते २० तास. प्रत्येक वेळी ज्ञात औषधाची ओळ हवीच: ई. कोलाय २५९२२ वर सिप्रोफ्लॉक्सासिन ०.००४ ते ०.०१६, स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ वर व्हँकोमायसिन ०.५ ते २ मायक्रोग्रॅम/मिलि. या औषधांची साखळी त्यांच्या मर्यादेनुसार खालपर्यंत न्या. आकडा मर्यादेबाहेर गेला तर तुमच्या संयुगाचा आकडाही लिहू नका. स्यूडोमोनास एरुजिनोसा २७८५३ जरूर ठेवा, पण त्यावर काही झालं नाही म्हणून खचू नका. ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाहेरचं आवरण आणि संयुग बाहेर फेकणारे पंप बहुतेक कृत्रिम संयुगांना दाद देत नाहीत. जिवाणूंच्या जातींसाठी पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आहे. घेताना त्यांचा क्रमांक आणि त्याला जुळणारा एटीसीसी क्रमांक दोन्ही वहीत लिहा.

इथे फसवणारी गोष्ट म्हणजे साका. संयुग खाली बसलं की वेल गढूळ दिसते आणि ती वाढ समजली जाते. त्यावर उपाय म्हणून रेझाझुरिन हा रंग घालतात: ०.०१५ टक्के द्रावण, वेलमागे ३० मायक्रोलिटर. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. पण मोकळा थायॉल गट असलेलं संयुग जिवाणूंशिवायही रेझाझुरिन गुलाबी करू शकतं. म्हणून संयुग अधिक ब्रॉथ अधिक रेझाझुरिन, जिवाणू नाहीत, अशी एक ओळ लागतेच. एमआयसीच्या वरच्या स्वच्छ वेलमधून अगारवर घेऊन ९९.९ टक्के मेले का पाहा. मारक मात्रा एमआयसीच्या चौपटीच्या आत असेल तर संयुगाला जिवाणूनाशक म्हणता येतं, नाहीतर रोधक.

कॅन्डिडा या बुरशीसाठी ब्रॉथऐवजी मॉप्स बफरने पीएच ७ वर बांधलेलं आरपीएमआय १६४० माध्यम घ्या, इनॉक्युलम खूप कमी, मिलिमागे ५०० ते २५००, आणि फ्लुकोनॅझोलची ओळ. प्लेटची मांडणी तीच, पण वाचन २४ तासांनी.

कर्करोगाच्या पेशींकडे वळताना आधी शब्द सुधारा. प्लेटमधल्या पेशी मेल्या म्हणजे संयुग ‘कर्करोगरोधक’ ठरत नाही, ते पेशीविषारी किंवा वाढरोधक ठरतं. प्रबंधातही तसंच लिहा, परीक्षकांच्या अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

पेशी कुठून आल्या हे पहिलं. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीसंग्रह आहे. तिथून घेतलेल्या पेशी आणि शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्कमध्ये उसन्या आणलेल्या पेशी यांत फार अंतर असतं. केबी, हेप-२, चँग लिव्हर या नावांनी फिरणाऱ्या पेशी प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत. एमडीए-एमबी-४३५ ही स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षं वापरली गेली, ती मेलॅनोमाची (त्वचेच्या कर्करोगाची) निघाली. एसटीआर अहवाल (पेशींची डीएनएवरून पटवलेली ओळख) मागा. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी दर एक-दोन महिन्यांनी करा, कारण मायकोप्लाझ्मा डोळ्यांना दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, आणि एमटीटीचं रीडिंग मात्र बिघडवतो.

२४ तास हा काळ कमी आहे. एमसीएफ-७ ला दुप्पट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. वाढ रोखणारं संयुग तेवढ्यात स्वतःला दाखवूच शकत नाही. ४८ किंवा ७२ तास ठेवा. पेशींची संख्या आधी ठरवून घ्या: वेलमागे २०००, ४०००, ८००० टाकून, ज्या संख्येला शेवटच्या दिवशीही कंट्रोल वेल पूर्ण भरलेली नसते ती निवडा. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं आणि तिथल्या मात्रा वाढतात, पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर फारच. त्या ३६ वेलमध्ये बफर भरा आणि आतल्या ६० वापरा. पेशी टाकल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये न ढकलता २० मिनिटं सपाट ओट्यावर ठेवली की त्या कडेला गोळा होत नाहीत. दुसऱ्या दिवशी संयुग: २० मिलिमोलर स्टॉकपासून १००, ३०, १०, ३, १, ०.३ मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ सगळीकडे ०.५ टक्के.

एमटीटीऐवजी, निदान एमटीटीच्या जोडीला, एसआरबी (सल्फोरोडामाइन बी रंगाची चाचणी) वापरा असं माझं आग्रहाचं मत आहे. एमटीटी पेशी मोजत नाही, पेशींची चयापचयाची क्षमता मोजते. संयुगाने फक्त मायटोकॉन्ड्रिया मंद केलं तरी पेशी मेल्यासारख्या दिसतात. संयुग स्वतःच क्षपणक असेल तर मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. शिफ बेस बरेचदा पिवळे असतात, ते रीडिंगमध्ये आणखी घोळ घालतात. एमटीटी करायचीच तर संयुग अधिक माध्यम अधिक एमटीटी, पेशींविना, हा कंट्रोल लावा, आणि माध्यम काढताना जांभळे स्फटिक सुईबरोबर ओढले जात नाहीत ना ते बघा. आकड्यांचा विखुरलेपणा बहुतेक तिथून येतो.

एसआरबीमध्ये प्रथिन रंगवलं जातं. वेलमध्ये २०० मायक्रोलिटर माध्यम असेल तर त्यावर अगदी हळूच ५० मायक्रोलिटर थंड ५० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल. जोरात सोडलं तर पेशी उखडून निघतात. ४ अंशांवर तासभर, पाण्याने पाच वेळा धुणं, पूर्ण वाळवणं. मग १ टक्का ॲसेटिक आम्लातला ०.४ टक्के रंग अर्धा तास, १ टक्का ॲसेटिक आम्लानेच धुणं, १० मिलिमोलर ट्रिस बेसमध्ये रंग सोडवणं आणि ५४० ला रीडिंग. वाळलेली प्लेट आठवडाभर थांबते. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी काम अडत नाही, हा पुण्यातल्या प्रयोगशाळेसाठी छोटा फायदा नाही.

आणि शून्य वेळेची प्लेट. संयुग घालण्याच्या क्षणी एक प्लेट ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने थांबवून ठेवा. हिची गरज एका उदाहरणाने सांगतो. सुरुवातीचं रीडिंग ०.३०, ४८ तासांनी कंट्रोल १.२०, संयुगाच्या वेलमध्ये ०.३०. नेहमीच्या हिशेबाने कंट्रोलच्या २५ टक्के, म्हणून ‘७५ टक्के पेशी मारल्या’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात पेशींची एकूण संख्या जिथे होती तिथेच आहे; निव्वळ घट शून्य, फक्त वाढ थांबली. दुसऱ्या वेलमध्ये ०.७५ असेल तर कंट्रोलच्या ६२.५ टक्के दिसतं, पण वाढीच्या हिशेबाने (०.७५ वजा ०.३०) भागिले (१.२० वजा ०.३०), म्हणजे नेमकी निम्मी वाढ. तीच जीआय-५० ची, म्हणजे वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात एसआरबीवर जीआय-५०, टीजीआय आणि एलसी-५० असे तीन आकडे काढले जातात ते याच कारणाने. टीजीआय म्हणजे वाढ पूर्ण थांबणं, एलसी-५० म्हणजे मूळच्या निम्म्या पेशी नष्ट होणं. बाहेरून चाचणी करून घेताना हे तिन्ही मागा, आणि कच्ची रीडिंगही मागा.

ज्ञात औषध म्हणून डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध ठेवा. सिसप्लॅटिन घेतलं तर ते डीएमएसओमध्ये कधीही विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला जाऊन चिकटतं आणि औषध निष्प्रभ होतं. ०.९ टक्के सलाइन वापरा. तुमच्या अहवालातलं सिसप्लॅटिन कशात विरघळवलं होतं हे विचारून घ्या. ‘आमचं संयुग सिसप्लॅटिनपेक्षा सरस’ हा दावा पुष्कळदा याच चुकीवर उभा असतो.

निरोगी पेशी म्हणून एचईके-२९३ सर्रास वापरतात. ती ॲडेनोव्हायरसच्या जनुकांनी अमर केलेली ओळ आहे. विषारीपणाचा अंदाज देते, ‘सामान्य पेशी सुरक्षित’ असं प्रमाणपत्र देत नाही. तरी एक ओळ हवीच, आणि तिचा उपयोग दोन्हीकडे होतो. जिवाणूंवर एमआयसी १६ मायक्रोग्रॅम/मिलि आली, रेणुभार ३५० आहे, म्हणजे सुमारे ४६ मायक्रोमोलर. त्याच संयुगाने एचईके पेशी १० मायक्रोमोलरला निम्म्या मरत असतील, तर ते प्रतिजैविक नव्हे, सरसकट विष आहे. तुलना करताना एकक एकच ठेवा, शक्यतो मायक्रोमोलर. रेणुभार वेगळे असलेल्या संयुगांची मायक्रोग्रॅममध्ये तुलना केली की जड रेणूवर अन्याय होतो.

पेशी कशा मेल्या हा पुढचा प्रश्न, त्यात घाई नको. एक इशारा मात्र आत्ताच: एमसीएफ-७ मध्ये कार्यक्षम कॅस्पेज-३ हे विकर नसतं, त्यामुळे डीएनएची शिडी (तुकड्यांच्या पट्ट्या) दिसली नाही म्हणून अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा नियोजित मृत्यू, नाही असं ठरवू नका, आणि कॅस्पेज-३ ची किट त्या पेशींवर वाया घालवू नका.

ऑटोक्लेव्हबद्दल एक बारीक गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे काट्यावर १५ पौंड दाब दिसला तरी आतलं तापमान १२१ ला अंशभर कमी पडतं. दाबावर विसंबू नका, तापमान बघा. डॉक्सोरुबिसिन आणि तुमची पेशीविषारी संयुगं ऑटोक्लेव्हने नष्ट होत नाहीत. ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या वर्गात, पेशीविषारी अशी चिठ्ठी लावून वेगळी द्या.

प्रत्येक आकडा तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या पेशी आणि ताजी साखळी घेऊन काढा. एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग आहे. एमआयसी तीन दिवसांत एका पायरीने वरखाली झाली तर चालतं, दोन पायऱ्यांनी झाली तर इनॉक्युलम किंवा स्टॉक तपासा.

२५ मिलिग्रॅम पुरतील, नीट वाटले तर. ५ मिलिग्रॅम शुद्धता, टिकाऊपणा आणि विद्राव्यतेसाठी. मग वीसही संयुगं आणि त्यांचे मूळ अल्डिहाइड-अमाइन फक्त एका मात्रेवर, जिवाणूंसाठी ३२ मायक्रोग्रॅम/मिलि आणि पेशींसाठी १० मायक्रोमोलर. यात संयुगामागे १ मिलिग्रॅमही लागत नाही. जी दोन-चार टिकतील त्यांचीच पूर्ण साखळी तीन दिवस करा: जिवाणू आणि कॅन्डिडा मिळून ५ मिलिग्रॅम, पेशींच्या तीन ओळींसाठी आणखी ५. उरलेले नऊएक मिलिग्रॅम कुपीत सील करून उणे २० वर ठेवा, बॅच क्रमांक आणि तारखेसह. दुसऱ्या बॅचचं संयुग तोच आकडा देतं का हे विचारलं जाईल, तेव्हा तुलनेला पहिली बॅच हातात लागते.